घरी बघू

दारू सुटून आता काही वर्षं झाली होती, तरी धाकट्या भावाच्या घरी गेलं की थोरलीची पर्स दारातच काढून घेतली जायची. हिसकावून वगैरे नव्हे. भावजय हसत पुढे यायची, "द्या ताई, इकडे ठेवते," म्हणायची आणि पर्स घेऊन आतल्या खोलीत जायची. मग आतून चेन उघडल्याचा आवाज यायचा. थोरली बाहेर सोफ्यावर बसून तो आवाज ऐकायची आणि दात आवळायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे तिला कळत होतं. ह्याच घरातून तिने एकदा भावजयीच्या बांगड्या उचलून विकल्या होत्या. ह्याच सोफ्यावर ती ओकली होती. कळत होतं सगळं, पण राग यायचा तो यायचाच.

ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या. धुऊन पिळलेली ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि इस्त्रीच्या तापलेल्या रुळाच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती कोरी करकरीत होऊन बाहेर पडायची. लाँड्रीची मालकीण तोंडाने फटकळ, पण थोरली नशामुक्ती केंद्रातून बाहेर आली तेव्हा तिला दारात उभं करणारी हीच एकटी. "इथे वाफेशिवाय काही चढत नाही," ती म्हणाली होती. "प्यायलेली दिसलीस तर चादरीबरोबर तुलाही रुळाखाली घालीन." इतकं सरळ बोलणारं माणूस थोरलीला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. तिच्या घरात सगळे गोड बोलायचे.

सगळ्यांत गोड तिचा बाप.

बाप पोहण्याचा मास्तर. शहरातल्या क्लबच्या तलावावर दोन पिढ्यांना त्याने पोहायला शिकवलं. त्याच्या हाताखालची पोरं पदकं घेऊन यायची, आणि रस्त्यात भेटलेले आईबाप त्याला वाकून "नमस्कार सर" म्हणायचे. तलावावर तो कुणावर बोटसुद्धा उगारायचा नाही. वेळ चुकली, पाय वाकडा पडला, की शिट्टी तोंडातून काढून हसत एवढंच म्हणायचा, "घरी बघू." बाकीच्या पोरांना तो सरांचा विनोद वाटायचा, कारण त्यांच्या घरी सर नसायचे. थोरलीच्या घरी असायचे.

घराच्या मागच्या मोरीत एक निळं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं. तिथे तो तिची मान धरायचा आणि डोकं आत दाबायचा. "दम वाढतो याने," म्हणायचा. ती पाय झाडायला लागली तरी वर काढायचा नाही. सैल पडली की काढायचा. नाकातोंडात पाणी जाणं ही लोकांची बोलायची तऱ्हा असते, तिच्यासाठी ती शाळकरी वयातली संध्याकाळ होती. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. मोरीतून आवाज यायला लागले की ती रेडिओ मोठा करायची. धाकट्याला लहानपणापासून दमा, म्हणून तो पाण्यापासून वाचला. तो जिन्याच्या पायरीवर बसून कानात बोटं घालायचा.

कॉलेजात जायच्या आधीच थोरलीने बापाच्या कपाटातली बाटली उघडली. पहिला घोट घशाखाली उतरला तसं तिला वाटलं, आता कुणी मान धरली तरी काही वाटणार नाही. तिथून गाडी उताराला लागली. आधी पोहणं गेलं, मग कॉलेज, मग एक बरा नवरा, मग एकामागून एक नोकऱ्या. बाप लोकांना सांगायचा, "हिच्यात गुण होते, पण जिगर नव्हती. घाबरट निघाली." आणि लोक त्याच्याच खांद्यावर हात ठेवायचे. केवढं मोठं दुःख बिचाऱ्या सरांना!

केंद्रात तिला नर्सबाई भेटल्या. दवाखान्यात उभं आयुष्य काढलेल्या, औषधाच्या कपाटातल्या स्पिरिटपर्यंत पोचून परत आलेल्या. थोरलीने पहिल्यांदा पिंपाची गोष्ट सांगितली ती त्यांना. नर्सबाईंनी डोळे पुसले नाहीत की पाठ थोपटली नाही. म्हणाल्या, "पिण्याचं कारण खुशाल बापाच्या नावावर मांड. पण सोडायचं काम तुझं. तो काही येऊन सोडवणार नाही." थोरली त्या दिवशी त्यांच्यावर इतकी भडकली की भिंतीवर कप फोडला. नंतर तिनेच तुकडे गोळा केले. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

तर एका सुट्टीच्या दिवशी ती धाकट्याकडे गेली. पर्स आत गेली, चेन उघडली, बंद झाली. भावजयीच्या मनगटाचा सांधा मुरगळला होता, हाताला पट्टी होती. ती म्हणाली, "ताई, खारूचे केस धुऊन देता का? मला एका हाताने जमत नाही."

खारू म्हणजे धाकट्याची मुलगी, नऊ वर्षांची. पडद्यांवर, कपाटांवर चढायची म्हणून लहानपणीच हे नाव पडलेलं. पूर्वी आत्या आली की ती अंगावर उडी मारायची. आज ती शहाण्या मुलीसारखी स्टुलावर येऊन बसली. थोरलीने कोमट पाणी घेतलं, तांब्या उचलला आणि पोरीच्या डोक्यावर नेला.

खारूने एवढा मोठा श्वास घेतला की तिच्या बरगड्या दिसल्या. गाल फुगवले, डोळे घट्ट मिटले, एका हाताने स्टुलाची कड पकडली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली.

थोरलीचा तांब्या हवेतच राहिला.

"खारू, काय करतेस?"

पोरीने एक डोळा उघडला. "दम धरते."

"कशाला? मी नुसते केस धुतेय."

"सवय आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा घेतात सराव. शाळेतून मी आधी त्यांच्याकडे जाते ना, तेव्हा. मोरीतल्या पिंपात. पण सांगायचं नाही हं कुणाला. सांगितलं तर मी भित्री." थोडी थांबली आणि अगदी निरागसपणे तिने विचारलं, "आत्या, तू भित्री होतीस ना? आजोबा म्हणतात, म्हणून तू दारू प्यायचीस."

थोरलीच्या कानांत पाणी भरल्यासारखं झालं. तांब्या तिने खाली ठेवला. ओला पंचा घेऊन तिने खारूचे केस हळूहळू पुसत पुसत धुतले, एक थेंब तोंडावर येऊ न देता. धुताना म्हणाली, "मी भित्री नव्हते. मी तुझ्याएवढी होते." बाकी काही बोलायचा तिला भरवसा नव्हता.

खारूला भावजयीकडे पाठवून ती गच्चीत गेली. धाकटा तिथे खुर्ची टाकून पेपर वाचत होता. विम्याच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता तो, पोट सुटलेलं, केस नीट विंचरलेले.

"बाबा खारूला पिंपात बुडवतात," ती म्हणाली.

धाकट्याने पेपर खाली केला नाही. "ताई, सराव असतो तो. श्वासाचा."

"तुला माहितीये?"

"दम वाढवायचा व्यायाम आहे, म्हणाले. आता वय झालंय त्यांचं, पूर्वीसारखे नाही राहिले. नातीवर जीव आहे त्यांचा."

"माझ्यावरही होता की! जीव जाईपर्यंत होता. तू पायरीवर बसून काय ऐकायचास रे? कानात बोटं कशाला घालायचास, गाणी नको वाटायची म्हणून?"

आता पेपर खाली आला. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. त्याने आधी दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांग. परत सुरू केलंस का?"

बस. एवढंच. माणूस एकदा दारुडा ठरला की त्याचं खरंही दारूतलं, खोटंही दारूतलं. बापाला हे पक्कं माहीत होतं. आपल्या विरुद्धचा एकमेव साक्षीदार त्याने स्वतःच्या हाताने बाद करून ठेवला होता, आणि वर तिच्या नावाने हळहळायला मोकळा. थोरलीला धाकट्याच्या त्या नीट विंचरलेल्या डोक्यावर कुंडी आपटावीशी वाटली. ती काहीही न आपटता जिना उतरली. पर्स भावजयीकडेच राहिली.

कोपऱ्यावर दारूचं दुकान होतं. तिचे पाय तिला न विचारता तिथे जाऊन उभे राहिले. काउंटरमागचा माणूस तिच्याकडे बघत होता. खिशात एका छोट्या बाटलीपुरते सुटे पैसे होते. मनाने लगेच वकिली सुरू केली: आज नाही तर कधी? आजच्या दिवशी प्यायलेलं देवालाही चालेल. तिने पैसे मुठीत घेतले, आणि दुसऱ्या हाताने नर्सबाईंना फोन लावला. रस्त्यावरच्या लोकांची पर्वा न करता सगळं ओरडून सांगितलं. केस, पिंप, धाकटा, सगळं.

नर्सबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "राग आलाय?"

"जीव घ्यावासा वाटतोय!"

"जीव नको घेऊस, फुकट जेलात जाशील. पण राग राहू दे. आजवर एकच केलंस बघ, राग आला की त्यावर दारू ओतलीस. आज कोरडाच राहू दे. तुझ्या कामाला येईल."

"माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"ते मला नाही माहीत. पण प्यायलीस तर कुणीच ठेवणार नाही, एवढं माहीत आहे."

थोरलीने दुकानदाराकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी तिने मालकिणीकडे सकाळची सुट्टी मागितली. मालकिणीने कारण विचारलं. थोरली म्हणाली, "बापाशी भांडायला जायचंय." मालकीण म्हणाली, "मग पोटभर खाऊन जा."

घरी जाऊन काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. घरात बाप राजा होता. तलावावर लोक होते. म्हणून ती तलावावर गेली; बाप अजून तिथे रोज सकाळी शिकवायचा, आणि खारूही त्याच्याकडेच शिकायची. कितीतरी वर्षांनी त्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि क्लोरीनचा वास नाकात शिरला. तसेच निळे पट्टे, तशाच ओल्या फरश्या, तशीच पायऱ्यांवर डबे-पंचे सांभाळत बसलेली आईबाप मंडळी. भावजयही होती त्यांत, पट्टीचा हात मांडीवर घेऊन. आणि काठावर, सत्तरी ओलांडूनही काठीसारखा ताठ, गळ्यात शिट्टी अडकवलेला तिचा बाप.

खारू पाण्यात होती. पाण्याखालून एका दमात पलीकडचा काठ गाठायचा होता. पोर अर्ध्यात वर आली, ठसकली, दोरी धरून खोकत राहिली. बाप काठावर ओणवा झाला. शिट्टी तोंडातून काढली. हसला.

"असू दे बाळा," तो म्हणाला. "घरी बघू."

पायऱ्यांवरचे दोघे-तिघे हसले.

थोरलीला पुढे नीट आठवत नाही ती कशी चालत गेली. चपलांसकट ती पाण्याच्या पायऱ्या उतरली, कमरेपर्यंत आत गेली, खारूला काखेत धरून उचललं आणि काठावर बसवलं. कुणाचा तरी पंचा ओढून तिला गुंडाळलं. मग बापासमोर येऊन उभी राहिली, कपड्यांतून पाणी गळतंय अशी.

"घरी काहीही बघायचं नाही," ती म्हणाली.

बापाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावर तेच दुःख आणलं, लोकांसाठी राखून ठेवलेलं. "सकाळी सकाळीच? अगं, निदान मुलांसमोर तरी." मग पायऱ्यांकडे वळून म्हणाला, "माफ करा हं. माझी मुलगी. तुम्हाला कल्पना आहेच. तिला आत्ता शुद्ध नाही."

आयुष्यभर ती त्याला "तुम्ही" म्हणत आली होती. मार खातानासुद्धा. बुडतानासुद्धा.

"मला शुद्ध आहे," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त आहे." मग पायऱ्यांकडे गेली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? या, घ्या माझ्या तोंडाचा वास. या ना! लाजता कशाला? इतकी वर्षं लांबून घेतच होतात की!"

कुणी हललं नाही. मग थर्मास घेऊन बसलेली एक जाडजूड बाई उठली, खाली आली आणि खरोखरच थोरलीच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने हुंगलं.

"चहा," ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि थोडा कांदा. दारूबिरू काही नाही."

कुणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. थोरलीने मग सांगितलं. पिंप, मान, संध्याकाळ, रेडिओ. तिने आवाज चढवला नाही, कारण चढवला असता तर तो फुटला असता. "मी दारुडी आहे," ती म्हणाली. "होते नाही, आहे. मरेपर्यंत राहीन. मी चोऱ्या केल्यात, ह्या माझ्या भावजयीला विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पोरीला विचारा."

"शुद्ध वेडेपणा आहे हा," बाप म्हणाला. पण त्याचा हात शिट्टीशी चाळा करत होता.

भावजय उठून आली. पट्टीच्या हातानेच तिने खारूची हनुवटी धरली. "खारू, आजोबा तुझं डोकं पाण्यात दाबून धरतात? तू सोडा म्हटलंस तरी?"

खारूने आधी आजोबांकडे बघितलं. विचारायला बघावं, तसं. परवानगी आहे का, असं.

ते बघणं भावजयीने पाहिलं. त्यापुढे तिला उत्तर नको होतं. तिने खारूला उचललं, मुरगळलेल्या हाताने, आणि चालू लागली. फाटकापाशी थांबून मागे वळली आणि म्हणाली, "ताई, चला ना. भिजलात तुम्ही."

बाप मागून ओरडला, "मी चॅम्पियन घडवत होतो!" पहिल्यांदाच त्या तलावावर त्याचा आवाज चढला. "हिच्यातूनही घडला असता!"

थर्मासवाल्या बाईने आपल्या मुलाला हाक मारली, "बाहेर ये रे." मग आणखी एकाने मारली. मग आणखी.

थोरली त्या दिवशी आईकडेही गेली. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली. मान वर न करता ती म्हणाली, "म्हातारपणी धिंडवडे काढलेस त्यांचे. काय मिळालं तुला?"

"तू रेडिओ मोठा करायचीस, आई."

सुरी थांबली. "मग काय करणार होते मी? मधे पडले असते तर मलाही मारलं असतं."

"मला मारतच होते ना? तुझ्या वाटणीचं मी खाल्लं, खारूनेही खाल्लं. ती नऊ वर्षांची आहे, आई! तिच्या वेळी तरी रेडिओ बंद करायचास!"

"लोक काय म्हणतील, ह्याचा विचार केलास का?"

त्यावर थोरली तडक मोरीत गेली आणि पिंपाला खांदा लावला. जड होतं, पहिल्यांदा हललंच नाही. दुसऱ्यांदा कलंडलं आणि पाणी धबाधबा मोरीबाहेर, स्वयंपाकघरात, आईच्या पायांपर्यंत गेलं. आई खाली वाकली आणि फडक्याने फरशी पुसायला लागली. तिला तसं पुसताना बघून थोरलीला जेवढी चीड आली तेवढी बापाचीही आली नव्हती. बाप निदान जे करायचा ते करायचा. हिने जन्मभर नुसतं पुसलं. "पूस," ती म्हणाली, आणि निघून आली.

पुढे काय झालं, तर जे होतं तेच. क्लबने बापाला हाकललं नाही. "प्रकृतीच्या कारणास्तव" निवृत्त केलं, हार घातला, फोटो काढले. अर्धं शहर म्हणालं, पोरीने बापाचं नाव मातीत घातलं. उरलेल्या अर्ध्यातल्या दोन बायका मात्र एके दुपारी लाँड्रीत आल्या. थोरलीच्याच वयाच्या, एके काळी तिच्याबरोबर पोहणाऱ्या. एकीने सांगितलं की शिबिरांच्या मुक्कामात तिच्यावरही "दमाचा सराव" झाला होता. दुसरी नुसती उभी राहून रडली. थोरलीला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं: इतकी वर्षं कुठे होतात? मग तिला आठवलं, आपण तरी कुठे होतो! तिने दोघींना नर्सबाईंचा नंबर दिला.

खारूचं पोहायला जाणं बंद झालं. शाळेतून ती आता लाँड्रीत येऊन बसायची, चादरींच्या ढिगावर अभ्यास करायची, आणि मालकीण तिला दम द्यायची की शाई सांडलीस तर तुलाच धुऊन काढीन. डोक्यावर पाणी घेताना ती अजून श्वास धरायची. भावजय तिला मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेत होती. सुधारणा होती, पण मुंगीच्या पावलाने. त्या पावलांचाही थोरलीला राग यायचा. बुडवायला क्षणभर लागतो, आणि वर यायला अख्खं आयुष्य. हा कुठला हिशोब!

धाकटा बरेच दिवस बोलला नाही. मग एकदा ऑफिस सुटल्यावर तो लाँड्रीत आला. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. तो पुसत तो रुळाशेजारी उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"ताई, बोटं घातली तरी ऐकू यायचं," तो म्हणाला. "सगळं."

थोरली काम करत राहिली.

"मला वाटायचं, तू आहेस म्हणून मी वाचतोय. मग खारूच्या वेळी मी..." त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली, दम्याची. "मला माफ करशील?"

तिच्याबरोबर चादर धरणारी बाई हळूच बाजूला सरकली. थोरलीने धाकट्याकडे बघितलं. पोट सुटलेला, टक्कल पडत चाललेला हा माणूस, आणि त्याच्या आत पायरीवर बसलेलं ते पोर. दोघांनाही थोबाडीत मारावीशी वाटली तिला.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आत्ता मला तुझा इतका राग येतोय की काही विचारू नकोस. उद्याही येणार आहे. पण दारात उभा राहून वाफ अडवू नकोस. आधी पंप घे छातीचा. आणि मग ते टोक धर."

धाकट्याने खिशातला पंप ओढला, बाह्या वर केल्या आणि ओलसर चादरीचं टोक धरलं. त्याने ती वाकडी ताणली.

"सरळ!" थोरली खेकसली. "आयुष्यात एकदा तरी सरळ धर!"

त्याने सरळ धरली. चादर रुळात गेली, आणि तिने लगेच दुसरी उचलली.